तुरुंग, नशा आणि हिरवा डॅशबोर्ड

टेस्टिंगमध्ये चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की 'बग सापडला नाही' आणि 'बग नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझ्या आधीच्या एका कंपनीत (नाव कशाला घ्या!) टेस्टरांचं अप्रेझल त्यांनी किती बग नोंदवले यावर ठरणार, असं एकदा जाहीर झालं. पुढच्या तिमाहीत बगांचा नुसता पाऊस. स्पेलिंग चुकलंय, बटण दोन पिक्सेल डावीकडे आहे, रंग फिका वाटतोय... मॅनेजरच्या स्लाइडवर आलेख झकास चढला. प्रॉडक्ट होतं तिथेच राहिलं.

ऑफिसात अशा गोष्टींवर चहा पिता पिता हसून मोकळं होता येतं. पण समजा असाच एखादा आकडा सरकारने तुरुंगात लावला आणि त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागली तर? ही कल्पना नाही. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत १९९५ पासून हा प्रयोग चालू आहे. गेले तीन-चार वीकांत मी त्याच्याच मागे लागलोय. ब्रिटिश सरकारची एक सवय मला आवडते, ते स्वतःच्या फजितीचेही अहवाल नीट छापून ठेवतात. त्यामुळे गोष्ट बरीच सलग सापडते.

मुळात तुरुंगात चोरून माल नेणं ही काही नवी भानगड नाही. इंग्लंडच्या १८६५ च्या तुरुंग कायद्यात दारू आणि तंबाखू आत नेणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. त्याच इंग्रजांनी आपल्यासाठी १८९४ साली जो कायदा केला, त्याचं ४२ वं कलम हेच म्हणतं. निषिद्ध वस्तू आत नेली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हाचे २०० रुपये म्हणजे खायचं काम नव्हतं.

गंमत म्हणजे इंग्लंडच्या १९५२ च्या तुरुंग कायद्यातही हे कलम दारू आणि तंबाखूपाशीच थांबलेलं होतं. अमली पदार्थांसाठी १९७१ चा वेगळा कायदा आला, पण खुद्द तुरुंग कायद्यातली यादी नवी व्हायला २००८ उजाडलं. तेव्हा कुठे वस्तूंचे तीन गट पडले. अमली पदार्थ पहिल्या गटात, शिक्षा १० वर्षांपर्यंत. मोबाईल दुसऱ्या गटात. तंबाखू घसरून तिसऱ्या गटात. छप्पन्न वर्षांनी आलेला पॅच म्हणायचा!

दरम्यान बाहेरचं जग पार बदललं होतं. १९७९ नंतर इराण आणि पाकिस्तानच्या बाजूने स्वस्त हेरॉईनचा लोंढा युरोपात घुसला. हीच लाट आपल्याकडे ऐंशीच्या दशकात 'गर्द' म्हणून आली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीला 'गर्दुल्ला' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इंग्लंडात हेच गर्दुल्ले चोऱ्यामाऱ्या करून तुरुंगात जायला लागले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची गरजही आत गेली.

आत गेल्यावर काय होतं याचा सगळ्यात भयानक नमुना स्कॉटलंडमध्ये दिसला. १९९३ साली ग्लेनॉकिल नावाच्या तुरुंगात एचआयव्हीची साथ आली. तुरुंगात साथ, आणि तीही एचआयव्हीची! सुई एक, टोचून घेणारे अनेक. १४ कैदी बाधित निघाले. पुढे विषाणूंची जनुकीय तुलना केली तेव्हा त्यातल्या १३ जणांचे विषाणू जवळजवळ एकसारखे आढळले. म्हणजे लागण बाहेरून घेऊन आलेले नव्हेत, एकमेकांकडून घेतलेले.

त्या वेळी इंग्लंडचे गृहमंत्री होते मायकेल हॉवर्ड. 'तुरुंग काम करतो' या घोषणेसाठी प्रसिद्ध, कडक शिस्तीचे. १९९४ च्या फौजदारी कायद्याने तुरुंगाला कैद्याच्या लघवीचा नमुना सक्तीने मागण्याचा अधिकार मिळाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ तुरुंगांत पायलट, आणि मार्च १९९६ पर्यंत सगळीकडे रोलआउट. आपल्या कित्येक प्रोजेक्टांपेक्षा वेळेवर झालं म्हणायचं.

योजना कागदावर सुंदर होती. दर महिन्याला कैद्यांपैकी १० टक्के लोक यादृच्छिक पद्धतीने निवडायचे (पुढे मोठ्या तुरुंगांसाठी हे प्रमाण ५ टक्के झालं). निवड यादृच्छिक असल्यामुळे कुणी अधिकारी खुन्नस काढतोय असं म्हणायला जागा नाही. आधी झटपट चाळणी, शंका आली तर प्रयोगशाळेत पक्की तपासणी. ही दुसरी पायरी महत्त्वाची, कारण नुसत्या खसखशीनेही अफूजन्य पदार्थांची चाळणी पॉझिटिव्ह येऊ शकते. (दिवाळीतले अनारसे आठवले ना?) पक्कं पॉझिटिव्ह आलं की शिक्षा, म्हणजे सवलती बंद, पगार कापला, आणि मुक्काम काही दिवसांनी लांबला. या एकाच तपासणीतून दोन कामं होणार होती. कैद्याला धाक बसणार आणि सरकारला देशभराचा एक आकडा मिळणार.

इथेच खरी मेख आहे. एकच आकडा मोजमाप म्हणूनही वापरायचा आणि दंडुका म्हणूनही. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या बँक ऑफ इंग्लंडच्या अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनाबद्दल लिहिताना एक निरीक्षण नोंदवलं होतं. त्याचं सार असं की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला, की तो आकडा पूर्वीसारखा विश्वासार्ह राहत नाही. तुरुंगात हे कसं घडलं ते समजायला थोडं रसायनशास्त्र लागेल. बोअर करणार नाही, दोनच वाक्यं.

गांजातला नशेचा घटक चरबीत विरघळतो आणि शरीरात रेंगाळतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरसुद्धा सापडू शकतो. हेरॉईनचे अंश पाण्यात विरघळतात आणि दोन-तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत, निघून जातात.

आता स्वतःला कैद्याच्या जागी ठेवून बघा. गांजा ओढला तर महिनाभर टांगती तलवार. हेरॉईन घेतलं तर दोन-तीन दिवस जीव मुठीत, मग मोकळे. दोन्हींची शिक्षा जवळपास सारखी. आणि शनिवार-रविवारी कर्मचारी कमी, म्हणजे तपासण्याही कमी. शुक्रवारी संध्याकाळी घेतलं तर सोमवारी बाटली बरीचशी स्वच्छ! वीकांताची वाट बघणारे फक्त आपणच नसतो तर... हे लक्षात आल्यावर काही तपासण्या वीकांतालाही झाल्याच पाहिजेत, असा नियम करावा लागला.

हा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. केंब्रिजच्या संख्याशास्त्रज्ञ शीला गोर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९५ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इशारा दिला होता की, या तपासणीमुळे कैदी गांजाकडून हेरॉईनकडे वळू शकतात. ग्लेनॉकिलला दोन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे हेरॉईनकडे वळणं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग खरंच वळले का? ही गोष्ट सांगताना बरेच जण इथे 'हो, सगळे वळले' असं ठोकून देतात. तसं नाही. गृहखात्याने १९९८ साली पाच तुरुंगांतल्या कैद्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास छापला. काहींनी नशा सोडली, काहींनी कमी केली, बऱ्याच जणांना काही फरक पडला नाही, आणि गांजा सोडून हेरॉईन धरणारे मोजकेच निघाले. म्हणजे भीती होती तेवढं घडलं नाही. पण दिशा मात्र बरोबर ओळखली होती. पहिल्या वर्षांत गांजाचे पॉझिटिव्ह साधारण २० टक्के आणि अफूजन्य पदार्थांचे ५ टक्क्यांच्या आसपास होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत गांजाचा आकडा धाडकन खाली आला, अफूजन्य पदार्थांचा मात्र चिवटपणे टिकून राहिला. ज्याला कमी धोका होता तो गळाला, ज्याला जास्त होता तो उरला.

पण डॅशबोर्डवर हे तपशील कोण बघतो? तिथे एकच आकडा असतो. १९९६-९७ मध्ये एकूण पॉझिटिव्ह २४.४ टक्के. २०१२-१३ मध्ये ७ टक्के. सोळा वर्षांत तिपटीहून जास्त घट! सगळं हिरवं. सरकारं बदलली, मंत्री बदलले, आणि प्रत्येकाने हा आलेख अभिमानाने दाखवला.

आणि नेमक्या त्याच काळात तुरुंगात असं काहीतरी शिरलं होतं जे या आलेखाला दिसतच नव्हतं.

त्याची सुरुवात तुरुंगापासून फार लांब झाली. अमेरिकेत साऊथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक मेंदूतल्या गांजाच्या रिसेप्टरांवर संशोधन करत होते. त्यासाठी त्यांनी शेकडो कृत्रिम रेणू बनवले आणि शास्त्रीय नियतकालिकांत छापले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यातल्या एकाचं नाव जेडब्ल्यूएच-०१८. २००८ च्या अखेरीस जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्रयोगशाळांनी 'स्पाइस' नावाने विकल्या जाणाऱ्या सुगंधी पाल्याची तपासणी केली तेव्हा त्यात हाच रेणू सापडला. पाला नावापुरता, वर रसायन फवारलेलं. गांजातला घटक रिसेप्टरला अर्धवटच चालू करतो, हे रेणू त्याला पूर्ण चालू करतात. त्यामुळे मात्रा किंचित चुकली तरी झटके, भ्रम, हृदयाचे ठोके बिघडणं, माणूस उभ्याचा आडवा.

ब्रिटनने डिसेंबर २००९ मध्ये पहिल्या पिढीच्या रेणूंवर बंदी घातली. बनवणाऱ्यांनी रेणूचा एक तुकडा बदलला आणि नवं व्हर्जन काढलं. त्यावर बंदी आली, पुढचं व्हर्जन तयार. आणि तुरुंगातली तपासणी? ती गांजा, अफू, कोकेन वगैरे ठरलेली यादी शोधत होती. स्पाइस त्या यादीतच नव्हतं. कुत्र्यांनाही सुरुवातीला त्याचा वास माहीत नव्हता. मँचेस्टरच्या रॉबर्ट राल्फ्स आणि सहकाऱ्यांनी एका तुरुंगात अभ्यास करून २०१७ मध्ये लिहिलं की, सक्तीच्या तपासणीत सापडू नये हे स्पाइस घेण्यामागचं मुख्य कारण होतं. नव्वदच्या दशकात जे थोडं घडलं होतं, ते आता घाऊक प्रमाणात घडलं.

वेळही वाईट होती. २०१० मध्ये तुरुंगांत साधारण २५ हजार अधिकारी होते, काटकसरीत ते २०१४ पर्यंत १८ हजारांच्या आसपास आले. माणसं कमी म्हणून कैदी जास्त वेळ कोठडीत बंद. करायला काही नाही, आणि स्पाइस घेतलं की दिवस कसा गेला ते कळत नाही. आत नवा माल आला की तो आधी कुणावर तरी तपासून बघायचा, ही रीतच पडली. कर्जात बुडालेल्या किंवा अगदीच दुबळ्या कैद्याला तो फुकट पाजायचा आणि बाकीच्यांनी गंमत बघायची. त्यांना 'स्पाइस पिग' म्हणत. ॲम्ब्युलन्स इतक्या वेळा यायला लागल्या की स्पाइसच्या 'मांबा' या दुसऱ्या नावावरून कैद्यांनी ॲम्ब्युलन्सलाच 'माम्ब्युलन्स' नाव पाडलं.

जून २०१३ ते सप्टेंबर २०१६ या काळात, ज्यांनी असले पदार्थ घेतले होते किंवा घेतल्याचा दाट संशय होता, अशा कैद्यांचे ७९ मृत्यू तुरुंग लोकपालांनी नोंदवले. निम्म्याहून जास्त आत्महत्या. यात कर्जाचा मोठा हात. तुरुंगातला माल बाहेरच्यापेक्षा कित्येक पट महाग. उधारी फेडता आली नाही तर मार, नाहीतर बाहेर आईला किंवा बायकोला धमकीचा फोन, की पुढच्या भेटीला येताना अमुक घेऊन ये. भेटीच्या खोलीत पकडल्या गेलेल्या बायकांकडे नुसतं 'स्मगलर' म्हणून बघता येत नाही ते यामुळे.

मे २०१६ मध्ये नवा कायदा आला. एकेका रेणूच्या मागे न लागता परिणामावरून व्याख्या, आणि असा पदार्थ तुरुंगात नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा. सप्टेंबर २०१६ पासून तपासणीच्या यादीतही स्पाइसचे काही प्रकार घातले. झालं, डॅशबोर्ड लाल! २०१७-१८ मध्ये जुन्या यादीप्रमाणे १०.६ टक्के, नवे पदार्थ धरून २०.४ टक्के. वीस वर्षांपूर्वी जिथून निघालो जवळपास तिथेच, आणि तेही जास्त घातक मालासकट.

मग तपासणी, झडती, सगळं फुकटच का? तसंही म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाचे तुरुंगमंत्री रोरी स्ट्युअर्ट यांनी सर्वांत बिकट दहा तुरुंग निवडले, एक कोटी पौंड टाकले, स्कॅनर आणि कुत्रे दिले, तुटक्या खिडक्या दुरुस्त केल्या, आणि वर्षात नशा आणि हिंसा कमी झाली नाही तर राजीनामा देईन असं जाहीर केलं. वर्षभराने पॉझिटिव्हचं प्रमाण निम्म्यावर आलं, हल्ले १६ टक्क्यांनी घटले. (राजीनाम्याचा प्रश्नच आला नाही, तोवर त्यांना दुसरं खातं मिळालं होतं.) दारं-खिडक्या नीट असणं, फाटकावर माणूस असणं, याला पर्याय नाही.

पण एक दार बंद केलं की माल दुसऱ्या दाराने येतो. २००८ मध्ये डेव्हिड ब्लेकी यांच्या अहवालाने पाच वाटा सांगितल्या होत्या: भेटायला येणारे, टपाल, भिंतीवरून फेक, नव्याने आत येणारे कैदी, आणि भ्रष्ट कर्मचारी. भेटीवर नजर वाढली तेव्हा टपाल वाढलं. स्पाइस द्रावणात विरघळवून कागदावर शिंपडता येतं, म्हणून पत्रं आली, मुलांनी काढलेली चित्रं आली. मग तुरुंगांनी पत्रांच्या झेरॉक्स काढून द्यायला सुरुवात केली. स्कॉटलंडने २०२१ च्या अखेरीस तो सरसकट नियम केला. जरा विचार करा, पोरीने बापासाठी रंगवलेलं चित्र बापाच्या हातात पडतं ते झेरॉक्स होऊन. टपाल अडलं तर ड्रोन. इंग्लंड-वेल्समध्ये तुरुंगांवर ड्रोनच्या २०१४ मध्ये २ घटना, २०१५ मध्ये ३३. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात १,७१२! मँचेस्टरच्या तुरुंगात कैद्यांनी चहाच्या किटलीची कॉइल वापरून 'न फुटणाऱ्या' खिडक्यांना भोकं पाडली, ड्रोनची डिलिव्हरी घ्यायला.

हे सगळं पुरवठ्याच्या बाजूचं. मागणीच्या बाजूला काय झालं, ते मला या सगळ्या वाचनात सर्वांत महत्त्वाचं वाटलं, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

सुटकेनंतरचा पहिला आठवडा हेरॉईनच्या व्यसनी माणसासाठी अतिशय धोक्याचा असतो. आत सवय मोडलेली असते, बाहेर येऊन तो जुनीच मात्रा घेतो, आणि मरतो. इंग्लंड-वेल्सच्या २००८ च्या एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात मृत्यूची शक्यता सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुषांत २९ पट आणि बायकांत ६९ पट निघाली. कुठल्याही लघवी तपासणीच्या आलेखात हे मृत्यू दिसत नाहीत, कारण ते फाटकाबाहेर होतात. आत असताना या माणसाची बाटली 'स्वच्छ' असते. म्हणजे यंत्रणेच्या दृष्टीने ती एक यशस्वी केस!

२००६ पासून इंग्लंडच्या तुरुंगांत टप्प्याटप्प्याने मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली देणं वाढवलं गेलं. सरकारच कैद्याला नशा पाजतंय, अशी टीका झाली. पण ३९ तुरुंगांतून सुटलेल्या १२ हजारांहून जास्त लोकांचा पाठपुरावा केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटताना ज्यांचे हे उपचार चालू होते, त्यांच्यात पहिल्या महिन्यातले मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी, आणि नशेच्या अतिमात्रेचे मृत्यू ८५ टक्क्यांनी कमी आढळले.

म्हणजे बघा, या माणसाच्या शरीरात औषध आहे. निव्वळ 'शरीरात अफूजन्य पदार्थ आहे का' असा प्रश्न विचारला तर उत्तर 'हो' येईल. 'हा पुढच्या महिन्यात जिवंत असेल का' असं विचारलं तरी उत्तर 'हो' येण्याची शक्यता खूप वाढली आहे. दोन्ही प्रश्न मोजता येण्यासारखे आहेत. तीस वर्षं सरकारच्या स्लाइडवर पहिलाच होता, कारण तो मोजणं सोपं होतं आणि दर महिन्याला त्याचा आकडा हातात पडत होता. दुसऱ्यासाठी फाटकाबाहेर गेलेल्या माणसाच्या मागे जावं लागतं.

आता तिथे काही तुरुंगांत नशामुक्त विंग काढल्या आहेत. कैदी स्वतःहून तिथे जातो आणि वारंवार तपासणीला राजी होतो, बदल्यात मदत आणि थोड्या सवलती मिळतात. बाटली तीच, प्रयोगशाळा तीच. फरक इतकाच की तिथे स्वच्छ निकाल दाखवण्यात कैद्याचाही फायदा आहे, त्यामुळे त्याला शुक्रवार-सोमवारचा हिशेब करायची गरज कमी पडते.

सोमवारी आमच्याकडे स्प्रिंट रिव्ह्यू आहे. बरंचसं हिरवं असेल. या वेळी मी विचारणार आहे की टेस्ट केसची यादी शेवटची कधी बदलली होती, आणि रिलीजनंतर युजरचं काय झालं हे कुणी बघतंय का.

असो. वीकांत संपत आला. भेटू पुढच्या शनिवारी.